कुरळी कालवड: खोट, रोग की वाण?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. निपाणीजवळचं गाव, घरची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय, तिसऱ्या वेताला वैशाखात कालवड झाली. आता ती सात महिन्यांची आहे. जन्मली तेव्हापासून मानेवर, पाठीवर, फऱ्यावर केस कुरळे, अगदी मेंढीच्या कोकरासारखे. गायीचे केस मात्र सरळ. शेजारी म्हणतो कांडीतच, म्हणजे गाय भरवताना वापरलेल्या वळूच्या गोठवलेल्या वीर्याच्या नळीतच, खोट होती. दावणीला आलेला हेडी, म्हणजे जनावरांचा दलाल, म्हणाला, खोडीचं जनावर आहे, ठेवू नका, मी नेतो. मेडिकलवाल्यानं जंताचं औषध आणि कॅल्शियमची बाटली दिली. तुम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत: हे कशानं झालं, ही पुढं दूध देईल का, आणि विकावी की ठेवावी.

विकू नका. बाकीचं सविस्तर सांगतो.

कुरळ्या केसांचं जनावर समोर आलं की मी पहिला प्रश्न एकच विचारतो: असे केस कधीपासून? हा प्रश्न विचारायला मी चुकून शिकलो. जनावरांचा डॉक्टर म्हणून नोकरीचं दुसरं वर्ष होतं, रायबाग तालुक्यातली एक वस्ती. चार महिन्यांचं कुरळं वासरू दाखवलं. मी पाहिलं, केस वेडेवाकडे आहेत, म्हणजे जंत किंवा क्षारांची कमतरता. दोनदा जंताचं औषध पाजलं, क्षार मिश्रण सुरू केलं, तांब्याचं इंजेक्शनही दिलं. चार महिने फेऱ्या मारल्या. वासरू धष्टपुष्ट झालं, केस तसूभर सरळ झाले नाहीत. शेवटी घरातली आज्जी गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून म्हणाली, "डॉक्टर, हिच्या आईचं पयलं वासरू पण असंच गुंगुरू होतं की. ते लेकीच्या घरात हाय, दोन वेत झाली त्याची." मी रजिस्टर काढून बघितलं. दोन्ही वेळा कांडी एकाच वळूची होती. आज्जीला पहिल्या दिवशी विचारलं असतं तर माझं पेट्रोल आणि त्यांचा पैसा वाचला असता. शिवाय तांब्याचं इंजेक्शन ही गरज नसताना द्यायची गोष्ट नव्हे. तांबं यकृतात साठतं आणि जास्त झालं की विष होतं.

जन्मापासून कुरळं असेल तर कारण बहुतेक वाणात, म्हणजे रक्तात. आधी सरळ होतं आणि नंतर केस वाढले, वळले, पिंजारले, तर कारण अंगात किंवा गव्हाणीत. तुमच्या कालवडीचं उत्तर पहिल्या बाजूला आहे.

केस कुरळा होतो म्हणजे काय होतं, ते सोऱ्यातल्या शेवेवरून समजेल. चकतीचं भोक गोल आणि सरळ असेल तर शेव सरळ पडते, भोक तिरकं किंवा एका बाजूनं घासलेलं असेल तर शेव वळत पडते. पीठ तेच असतं. कातडीत केस जिथून उगवतो तिथं असाच एक साचा असतो. वाढणारा मऊ केस त्या साच्याच्या आतल्या अस्तराला धरून वर सरकतो आणि जाता जाता घट्ट होतो. हे अस्तर केराटिन नावाच्या प्रथिनांचं असतं. त्यातल्या एखाद्या प्रथिनाची घडण बदलली की साचा वाकडा होतो आणि केस आयुष्यभर वळत उगवतो.

गायींमध्ये हा बदल नेमका सापडला २०१४ साली. जगभरातल्या वळूंचे जनुकसंच एकत्र वाचण्याचा 'हजार वळू' नावाचा प्रकल्प आहे. त्यात जर्मनी-ऑस्ट्रियाकडच्या फ्लेकफी जातीतला, म्हणजे सिमेंटल कुळातला, कुरळेपणा केआरटी२७ या जनुकातल्या एका अक्षराच्या बदलाशी जुळला. हे जनुक त्या साच्याच्या अस्तराचंच. कुत्र्या-मांजरांच्या काही कुरळ्या जातींत याचा भाऊबंद केआरटी७१ बदललेला असतो, कुरळ्या घोड्यांत केआरटी२५. निसर्ग वेगवेगळ्या घरांत त्याच सोऱ्याच्या चकतीशी खेळलाय.

हा फ्लेकफीतला कुरळेपणा प्रभावी आहे. म्हणजे आई किंवा बाप, कुणा एकाकडून बदललेलं जनुक आलं तरी वासरू कुरळं होतं. तुमची गाय सरळ केसांची आहे, म्हणून संशय बापावर जातो, आणि बाप तुम्ही पाहिलेला नाही. तो नायट्रोजनच्या टाकीतून आला. शेजारी 'कांडीत खोट' म्हणतो त्यात 'कांडीत' हा शब्द बरोबर असू शकतो, 'खोट' मात्र नाही.

खात्री करायची तर कालवडीच्या आईच्या कानातला बारा आकड्यांचा पिवळा बिल्ला बघा. त्या नंबरवर रेतनाची नोंद झालेली असेल तर वळूचा क्रमांक मिळेल. नोंद नसेल तर गाय भरवायला आलेल्या माणसाच्या वहीत बघा. मग त्याच वळूची आणखी वासरं आसपास कुठं झालीत त्याची चौकशी करा. बापाकडं एक बदललेलं आणि एक साधं जनुक असेल तर त्याची निम्मी वासरं कुरळी निघायला हवीत. पाच वासरं सापडली आणि पाचही सरळ केसांची असली, तर नुसत्या योगायोगानं असं होण्याची शक्यता बत्तीसात एक. मग बापावरचा आळ बराचसा उतरतो. अशा वेळी अप्रभावी प्रकार उरतो, ज्यात आईबाप दोघंही सरळ दिसतात पण दोघांच्याही पोटात तेच बदललेलं जनुक लपलेलं असतं. किंवा बदल त्याच वासरात नव्यानं झालेला असतो. अप्रभावीचा संशय असेल तर पुढच्या वेळी त्याच गायीला त्याच वळूची कांडी नको, आणि या कालवडीला तर तिच्या बापाची कांडी कधीच नको. आपल्याकडं टाकीत जी कांडी हाताला लागली ती भरून मोकळं होण्याची सवय आहे. बापाची कांडी लेकीला भरलेली मी नोंदींत स्वतः पाहिली आहे.

आता थोडं घाबरवणारं सांगतो, कारण कुणीतरी मोबाइलवर वाचून तुम्हाला सांगेलच. कुरळ्या केसांबरोबर हृदयाचा आजार येणारा एक प्रकार आहे. ऑस्ट्रेलियातल्या बिनशिंगी हेरफर्ड जातीत तो सापडला. वासरू लोकरी केसांचं जन्मतं, हृदयाचा स्नायू खराब असतो, आणि बहुतेक वासरं पहिल्या बारा आठवड्यांतच जातात, कधी कधी उभ्या उभ्या कोसळून. हा प्रकार अप्रभावी आहे आणि त्याचं जनुक वेगळं आहे. माणसांतही लोकरी केस आणि हृदयविकार जोडीनं येणारा आजार आहे, ग्रीसमधल्या नाक्सोस बेटाच्या नावानं तो ओळखला जातो. केसाच्या आणि हृदयाच्या पेशी एकमेकींना धरून ठेवतात ती शिवण काही ठिकाणी एकाच दोऱ्याची असते, म्हणून हे होतं. पण तुमची कालवड सात महिन्यांची आहे. तुम्हीच लिहिलंय की दावं सुटलं तर उसात शिरते आणि दोघांना आवरत नाही. हृदय खराब असलेलं वासरू उसात पळत नाही. हा विषय इथं संपला.

तुम्ही मापंही पाठवलीत, ते बरं केलंत. छातीचा घेर ४२ इंच, खांद्याच्या टोकापासून बैठकीच्या हाडापर्यंत लांबी ४१ इंच. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे साधारण ११० किलो. सात महिन्यांच्या संकरित कालवडीला हे वजन ठीक आहे. जंतानं पोखरलेलं किंवा उपाशी वासरू इतकं भरत नाही. त्याचं पोट नगाऱ्यासारखं आणि पाठीचा कणा वर आलेला असतो.

दुधाचं काय? इथं लोक दोन गोष्टींची गल्लत करतात: केस कुरळे असणं आणि केस फार लांब, दाट असणं. वळण साच्यानं ठरतं आणि साच्याचा कासेशी संबंध नाही. लांबीचा मात्र आहे. प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक दुधासाठी लागतं आणि तेच केसांच्या वाढीतही हात घालतं. न्यूझीलंडमध्ये अस्वलासारख्या केसाळ गायींचं एक कूळ निघालं. त्यांच्या प्रोलॅक्टिनच्याच जनुकात बदल होता. त्यांना ऊन सोसायचं नाही आणि दूधही नीट यायचं नाही. उलट टोकाला कॅरिबियनमधली सेनेपोल ही जात. तिच्यात प्रोलॅक्टिन पकडणाऱ्या प्रथिनाच्या जनुकात बदल आहे, केस आखूड, गुळगुळीत, आणि उन्हात ती निवांत उभी राहते. हेही २०१४ मध्येच प्रसिद्ध झालं. तेव्हा तुम्ही पट्टी घेऊन बसा. पाठीवरचा एक केस उपटून कागदावर सरळ ओढून धरा. तिच्याच वयाच्या दुसऱ्या संकरित वासराचा केस शेजारी ठेवा. लांबी साधारण सारखी आणि फक्त वळण जास्त असेल तर दुधाची काळजी सोडा. दुपटी-तिपटीनं लांब असेल तर मला पुन्हा लिहा.

आणखी एक चाचणी, फुकटातली. कोमट पाण्यानं खांद्यावरचा हातभर भाग धुवा, विंचरून सरळ करा, उन्हात वाळू द्या. वाणाचं वळण वाळल्यावर पुन्हा तसंच बसतं. आईनं किंवा शेजारच्या वासरानं चाटून चाटून बसवलेलं वळण एका धुण्यात जातं. हसू नका, चाटलेल्या केसांवर 'कुरळा रोग' म्हणून औषधं दिलेली माझ्या पाहण्यात आहेत.

तुमच्या कालवडीपुरतं एवढं पुरे आहे. पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या दावणीला नंतर केस बिघडलेलं जनावर असेल, तर ते प्रकरण जास्त गंभीर असतं, म्हणून त्यावर थोडं थांबतो.

आपल्या सीमाभागात मी सगळ्यात जास्त पाहिलेला प्रकार म्हणजे लाळ्या खुरकुतानंतरची केसाळ गाय. तोंडातले फोड बरे होतात, खुरं भरतात, मालक सुटकेचा श्वास टाकतो. मग फाल्गुन-चैत्रात लक्षात येतं की बाकीच्या गायींचे हिवाळी केस झडले, हिचे झडलेच नाहीत. उलट लांबले, राठ झाले, काही ठिकाणी वळले. अकरा वाजले की ही जीभ बाहेर काढून धापा टाकते. अथणीकडं एका गोठ्यात चैत्रातल्या दुपारी अशी गाय पाण्याच्या हौदात पुढचे दोन्ही पाय घालून उभी होती. मालक म्हणाला, "रोज अशीच उभारती, दोन वाजूस्तवर." नाकपुड्या सताड उघड्या, बरगडी भात्यासारखी हलतेय, ताप मोजला तर संध्याकाळी उतरलेला. रोगाच्या विषाणूनं अंगातल्या ग्रंथींचं तंत्र बिघडवल्याचा हा परिणाम मानतात. संकरित गायींत तो ठळक दिसतो. दूध घटतं, माज नीट दाखवत नाहीत, गाभण राहणं लांबतं. याला खात्रीचा इलाज नाही. केस भादरणं, सावली, पंखा, रात्रीची वैरण, एवढंच हाताशी असतं. म्हणून दर सहा महिन्यांची लाळ्या खुरकुताची लस चुकवू नका. लस टोचली की दोन दिवस दूध कमी होतं, या कारणानं दार लावून घेणारी माणसं आहेत. तीच दोन वर्षांनी धापणारी गाय घेऊन येतात.

दुसरा प्रकार गव्हाणीतला. चिकोडी, रायबाग, अथणी हा उसाचा पट्टा. गळीत हंगामात चार-पाच महिने वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, फुकट किंवा स्वस्त मिळतात, मग जनावराला सकाळ-संध्याकाळ वाढेच. पोट भरतं, पण वाढ्यात प्रथिनं कमी, आणि त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. बाकीचे क्षारही त्यात पुरेसे नसतात. केस हे प्रथिनाचंच बनलेलं, त्यामुळं कमतरता आधी तिथं उमटते. तांबं कमी पडलं की केसाचा रंग आणि पक्केपणा दोन्ही जातात. एचएफच्या काळ्या पट्ट्यावर नजर ठेवा. काळा भाग गंजलेल्या पत्र्यासारखा तांबूस झाला, डोळ्याभोवती फिकट कडं पडून चष्मा लावल्यासारखं दिसू लागलं, केस उभे आणि निस्तेज झाले, तर तांब्याचा विचार करा. मेंढीत तांबं घटलं की लोकरीचं वळण नाहीसं होतं, कारण वळण धरून ठेवणारे गंधकाचे सांधे जुळत नाहीत. म्हणजे कमतरतेनं केस बिघडतो, पण छान गोल कुरळा होत नाही. हा फरक डोळ्यांनी ओळखता येतो: वाणाच्या कुरळ्या केसाला तकाकी असते, कमतरतेच्या केसाला नसते. तुमच्या फोटोत कालवडीचे काळे ठिपके काळेभोर आहेत, उन्हात चमकतायत. वाढे द्याच, पण त्यात कडबा, थोडी हिरवी मका किंवा लुसर्न घाला. मोठ्या दुभत्या गायीला रोज ५० ग्रॅम क्षार मिश्रण, कालवडीला त्याच्या निम्मं. कॅल्शियमच्या बाटलीनं केसांचं काहीही होत नाही.

तिसरा प्रकार खानापूर, जांबोटीकडच्या पावसाचा. आषाढ-श्रावणात जनावर दिवसेंदिवस ओलं राहतं, आणि पाठीवर केसांचे पुंजके होतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं केस वळलेत. जवळ जाऊन पुंजका हळू ओढा. रंगाच्या ब्रशसारखा खपलीसकट हातात येतो आणि खाली ओलसर गुलाबी कातडी दिसते. हा जंतुसंसर्ग आहे. कोरडी जागा, खपल्या मऊ करून काढणं आणि डॉक्टरांकडून प्रतिजैविक, यानं बरा होतो. गोल, राखाडी, पीठ पडल्यासारखा चट्टा असेल तर तो नायटा. तो हाताला लावून घेऊ नका, माणसालाही होतो.

उवा, गोचीड, चाटणं, घासणं यांनी केस विस्कटतात, पण त्याला कुणी कुरळं म्हणणार नाही. थंडीचे केसही तसेच. बेळगावला दिवस हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात दोनेक तासांनीच लहानमोठा होतो, तरी संकरित जनावराला ती खूण पुरते आणि मार्गशीर्षात त्याचे केस दाट होतात. कुरळ्या केसाला वळण दिसायला लांबी लागते. त्यामुळं तुमची कालवड आत्ता जितकी कुरळी दिसते तितकी चैत्रात दिसणार नाही. तेव्हा 'औषध लागू पडलं' म्हणून कुणाला श्रेय देऊ नका.

आपल्या खिल्लारात हे का दिसत नाही, असं तुम्ही शेवटी विचारलंय. खिल्लाराचा केस मुळातच आखूड, कातडीला चिकटून बसणारा. साचा थोडा वाकडा असला तरी इतक्या आखूड केसात काय दिसणार? शिवाय या मुलखातल्या शेतकऱ्यानं पिढ्यान्‌पिढ्या चमकदार, चापून बसलेल्या केसांचंच खोंड पैदाशीला ठेवलं. खिल्लाराच्या नव्या वासराच्या टाळूवर विटकरी तांबूस केस असतात आणि दोन-तीन महिन्यांत जातात. त्याला कुणी खोट म्हणत नाही, कारण ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. कुरळं वासरू फार जणांनी पाहिलेलं नाही, इतकाच फरक.

आता हेड्याबद्दल. चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेत मीही हिंडलोय. रुमालाखाली बोटं धरून दर ठरतो, त्याआधी जनावराचा प्रत्येक भोवरा बघितला जातो, कुठला धन्याला लाभतो, कुठला घर बुडवतो. भोवरा आणि कुरळेपणा या वेगळ्या गोष्टी आहेत. भोवरा म्हणजे सरळ केसांनीच एका बिंदूभोवती घेतलेलं वळण, ते गर्भात कातडी ताणली जाताना ठरतं. गंमत म्हणजे भोवऱ्यात अगदीच तथ्य नाही असंही नाही. १९९५ साली अमेरिकेत टेंपल ग्रँडिन यांनी पाहिलं की कपाळावरचा भोवरा डोळ्यांच्या रेषेच्या वर असलेली गुरं शिकंजात धरल्यावर जास्त बिथरतात. घर बुडण्याचा शोध मात्र त्यांना लागला नाही. तुमच्याकडं आलेल्या हेड्यानं भोवरा सोडून केसांनाच खोड ठरवलं आणि लगेच 'मी नेतो' म्हणाला. ज्याला खोड दिसते तो न्यायला का तयार होतो, ते तुम्हीच बघा. हीच कालवड पहिलारू गाभण झाल्यावर तिची किंमत काय येईल, हे त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

फाल्गुनात एक काम करा. उन्हाळ्यात म्हैस भादरतात तशी ही कालवड भादरून घ्या, मशीननं, सकाळच्या गार वेळेत. दाट कुरळ्या केसांत घाम वाळत नाही आणि संकरित जनावराला आपलं ऊन तसंही जड जातं. गोचीडही मग डोळ्याला दिसतील. भादरणाऱ्याला सांगा, शेपटीचा गोंडा तेवढा ठेव. माश्या हाकायला तिला तो लागणार आहे.